नरसाळ्यातलं कातडं

थंडीच्या दिवसांत तळ्याकाठी मुक्काम पडला की पहाटे दोन्ही हेलिकॉप्टरांच्या काचा दवाने पांढऱ्या होतात. त्या पुसायचं काम केरिनला कुणी सांगितलं नव्हतं. पण चहाला उकळी येईपर्यंत हात रिकामे असतात, आणि डार्सीच्या बोटांना गार काच सोसत नाही, म्हणून ती पुसायची. इतक्या हंगामांत त्याची सवयच झाली होती.

त्या दिवशी काचेचं फडकं सापडेना. मागच्या मुक्कामावर कुंपणाच्या तारेवर वाळत घातलं होतं, बहुधा तिथेच राहिलं. केरिनने ट्रकच्या पेटीत पाहिलं, सीटखाली पाहिलं, आणि मग पेट्रोलच्या नरसाळ्यात बसवायचं कातडं उचललं. नवंकोरं, मऊ, पिवळसर कातडं होतं. अजून पेट्रोलचा थेंबही न लागलेलं. त्याने पाणी झकास टिपलं. दोन्ही काचा लख्ख झाल्या. तिने कातडं पिळलं, झटकलं, नरसाळ्यात घालून कडेने आवळलं आणि ती चहाकडे वळली.

शेकोटीपाशी ब्रॉन्टी बूट चढवत होती. कुरणांच्या मालकांना रानातली गुरं गोळा करून द्यायची कंत्राटं डार्सी आणि केरिन घेत. एक हेलिकॉप्टर डार्सी उडवायचा, दुसरं ब्रॉन्टी. तिचा हा तिसरा हंगाम.

"केरिन, माझी काच पुसलीस ना? का फक्त नवऱ्याचीच?"

"तुझीच आधी पुसली. नवऱ्याची पुसून काय उपयोग, तो कुठे बघून उडवतो?"

"ऐकतोय मी," डार्सी अंथरुणाची वळकटी बांधता बांधता म्हणाला.

"बघ, ऐकूनच उडवतो."

बेझिल हसला तेव्हा त्याच्या हातातला चहा हिंदकळला. जमिनीवरच्या मोटरसायकलवाल्यांचा तो मुकादम. हे रान त्याच्या आजोबांपासूनचं त्यांचं, त्यामुळे कुठल्या नाल्यात गुरं दडतील हे डार्सी वरून शोधण्याआधी तो खालून सांगायचा. ब्रॉन्टी त्याला अंकल म्हणायची. इकडे सगळेच म्हणत.

निघण्याआधी डार्सी आणि ब्रॉन्टीने रिवाजाप्रमाणे आपापल्या टाकीच्या तळाची तोटी दाबून बरणीत थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडात धरलं. पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीत शिरलं असेल तर बरणीच्या तळाशी बसतं आणि दोहोंच्या मधे रेष दिसते. रेष नव्हती. आदल्या दिवशीच्या पिंपातलं चांगलं पेट्रोल होतं ते. दोघं उडाले.

मग केरिनने ट्रक टेकाडाखालच्या मोकळ्या जागेत नेला आणि नवं पिंप उघडलं. झाकणावर गंजाचं गोल कडं होतं. पिंपं आडवी ठेवायची असतात, दोन्ही बुचं पेट्रोलखाली राहतील अशी. ही पिंपं मात्र कुरणाच्या शेडमागे सगळा पावसाळा उभी होती. उभ्या पिंपाच्या झाकणावर पाऊस साचतो. दिवसा पिंप तापतं, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. रात्री ते गार होतं, आणि बाहेर गेलेल्या हवेच्या बदल्यात बुचाच्या आट्यांमधून झाकणावरचं पाणी आत ओढतं. असं रोज. ट्रकवर चढवतानाच केरिन डार्सीला म्हणाली होती, "ही उभीच होती रे."

"कातडं कशाला आहे मग?" डार्सी म्हणाला होता. मुक्कामावर सगळेच असं म्हणत. कातडं पेट्रोल खाली सोडतं आणि पाणी वर अडवून धरतं. अडलेलं पाणी नरसाळ्यात गोळा होतं, ते फेकून द्यायचं.

सूर्य वर आला तशी ब्रॉन्टी भरायला उतरली. तिने इंजिन चालूच ठेवलं, पाती डोक्यावर फिरत होती. गुरं चालती असताना कुणी इंजिन बंद करत नाही, आणि मधल्या भरण्यानंतर तोटीही तपासत नाही. ते काम पहाटेचं. केरिन वाकून पात्यांखाली गेली, नरसाळं टाकीच्या तोंडात बसवलं, आणि ट्रकच्या बॅटरीवरचा पंप घरघरू लागला.

"आज नरसाळं डुलक्या काढतंय का?" ब्रॉन्टी आतून ओरडली.

"नवं कातडं आहे! चव घेत घेत पितंय!"

"त्याला सांग, झाडीत दोनशे गुरं खोळंबलीयत माझ्यासाठी!"

"गुरं कसली, अंकल बेझिल खोळंबलाय. जा!"

ब्रॉन्टी गेल्यावर थोड्याच वेळात डार्सी आला. त्याच्याही टाकीत केरिनने त्याच पिंपातलं ओतलं. त्याने खारवलेल्या मांसाचा पाव दातात धरला, एका हाताने तिची टोपी नाकापर्यंत खाली ओढली आणि तो उडाला. ती चिडून काहीतरी बोलली, पण ते पात्यांच्या आवाजात विरून गेलं.

ट्रकमधला रेडिओ दिवसभर चालू असायचा. दोन्ही हेलिकॉप्टरं, बेझिल, मालकांचं मोठं घर, सगळ्यांचं बोलणं एकाच वाहिनीवर. केरिन पिंपाचं बूच आवळत होती.

"अंकल, तुझ्या डावीकडे बघ, तो पांढऱ्या तोंडाचा परत फिरतोय," ब्रॉन्टी म्हणाली. "मी त्याला... ए. ए, काय झालं याला?"

एरवी तिच्या आवाजामागे इंजिनाची भणभण असायची. ती नव्हती. नुसती वाऱ्याची शीळ होती.

"जातेय मी खाली."

एवढंच. केरिनला वाटलं, ब्रॉन्टीचं बटणावरचं बोट निसटलं असेल. ती बूच आवळतच राहिली. ते कधीच घट्ट झालं होतं, तरी ती आवळत होती.

"ब्रॉन्टी?" हा डार्सीचा आवाज. "ब्रॉन्टी, बोल."

"बेझिल बोलतोय. इंजिन आधी थांबलं, डार्सी. मग झाडं मोडली. मी पलीकडे आहे, मधे नाला आहे. पोचायला वेळ लागेल मला."

"मी निघालो," डार्सी म्हणाला.

मोठ्या घरून कुणीतरी डॉक्टरांचं हेलिकॉप्टर मागवत असल्याचं सांगितलं. ते लांबून, कॅथरीन गावाहून यायचं होतं. म्हणजे दुपार.

केरिन ट्रकच्या पायरीवर बसली.  इंजिन आधी थांबलं, बेझिल म्हणाला होता. उडताना एकाएकी, आचके न देता थांबलं. ती उठली. तिने नळीचं टोक स्वयंपाकाच्या काचेच्या बरणीत धरलं आणि पंप क्षणभर चालवून बंद केला.

विमानाच्या पेट्रोलला ओळखू यावं म्हणून निळा रंग घातलेला असतो. बरणीत वर निळं पेट्रोल होतं. खाली, चार बोटं उंचीचं, बिनरंगाचं काहीतरी होतं. दोहोंच्या मधे रेष होती, पट्टीने आखावी तशी. तिने बरणी हलवली. रेष मोडली, पाण्याचे मणी निळ्यात फिरले, आणि सावकाश पुन्हा खाली बसून जुळले.

पण कातडं होतं ना. कातड्याने अडवलं असेल. तिने नरसाळं उचललं. आत अडलेलं पाणी नव्हतं, थेंबभरसुद्धा नाही. कातडं ओलं होतं, गार होतं, आणि त्याला पहाटेच्या दवाचा हात लागलेला होता.

तेव्हा तिला कळलं. पेट्रोलने आधी भिजलेलं कातडं पाणी अडवतं. पाण्याने आधी भिजलेलं कातडं पाण्यालाच वाट देतं. हे तिला आज नव्याने कळलं नव्हतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला ती स्वतःच हे सांगायची. ब्रॉन्टीलाही तिनेच सांगितलं होतं.

"दिसली!" रेडिओवर डार्सी ओरडला. "आडवी पडलीय, झाडीत घुसलीय. धूर नाही. केरिन, हात हलवतेय ती! जिवंत आहे! मी वरून घिरट्या घेऊन जागा शोधतो."

 घिरट्या. टाकीच्या तळापासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड तळाच्या जरासं वर असतं. ब्रॉन्टीला पिंपाच्या तळाचं पाणी आधी गेलं, ते त्या तोंडापर्यंत चढलं असणार. डार्सीला त्याच्या मागचं, कमी पाण्याचं गेलं. त्याचं बहुधा अजून खाली असेल. पण हेलिकॉप्टर तिरकं झालं की टाकीही तिरकी होते, आणि तळाचं पाणी त्या तोंडात शिरतं.

"डार्सी, उतर. आत्ता. पेट्रोलमध्ये पाणी आहे."

"काय?"

"नव्या पिंपात. बरणीत काढून बघितलं मी. चार बोटं पाणी."

"पिंपात असेल गं. कातडं होतं ना मधे? माझं व्यवस्थित चाललंय. ब्रॉन्टीचं काहीतरी दुसरं झालं असणार, पाती फिरवणारा पट्टा तुटला असेल. ती इथे माझ्या डोळ्यांसमोर पडलीय, केरिन, आणि मी उतरून काय करू? जवळची मोकळी जागा म्हणजे ती कोरडी तळी. तिथून चालत यायचं या झाडीतून?"

"हो, चालत."

"वेड लागलंय तुला."

बोटाखाली बटण होतं. ते दाबलं की सगळे ऐकणार, हे तिला माहीत होतं. मोठं घर ऐकणार, बेझिलची माणसं ऐकणार. दुसरा रस्ता तिला दिसेना.

"कातडं ओलं होतं," ती म्हणाली. "पहाटे काचेचं फडकं सापडलं नाही म्हणून मी कातड्याने काचा पुसल्या. दोन्ही. दवाने भिजलेलं तेच कातडं नरसाळ्यात घातलं. त्याने काही अडवलं नाही, डार्सी. ब्रॉन्टीच्या टाकीत पाणी मी भरलं, आणि तुझ्याही मीच भरलंय. उतर."

  रेडिओवर नुसती खरखर चालू होती.

"मी झाडीवर आहे," शेवटी डार्सी म्हणाला. आवाज अगदी हळू झाला होता, जणू मोठ्याने बोललं तरी इंजिन बिथरेल. "खाली हातभरही जागा नाही."

"तळीकडे जा. सरळ. वळण घ्यायचंच तर आडवं न होता घे. नाक खाली घालू नकोस."

"मला शिकवतेयस?"

"हो."

तो उडत होता तितका वेळ केरिन हातातल्या बरणीकडे बघत होती. आकाशाकडे बघायचं तिला सुचलंच नाही. आणि बघून दिसणार तरी काय होतं, मधे टेकाड होतं.

"उतरलो," डार्सी म्हणाला.

तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला. आवाज आलाच असता तर कसला आला असता, तिला सांगता आलं नसतं.

"इंजिन बंद कर. तोटी दाब. बरणीत काढ आणि बघ."

"बघतोय." मग खरखर. मग डार्सी, आणि आवाजात राग परतलेला. "साफ आहे. रेष नाही, खाली एक थेंब नाही, कचरा नाही. पोटभर घाबरवलंस मला. ब्रॉन्टी तिकडे एकटी पडलीय आणि मी इथे बरण्या बघत बसलोय. निघतो."

"रंग कुठला आहे?"

"काय?"

"बरणीत जे आहे, त्याचा रंग कुठला आहे, डार्सी?"

 लांब कुठेतरी एक घार ओरडत होती. ती त्याच्याकडची की आपल्याकडची, केरिनला कळेना.

"नाहीये," डार्सी म्हणाला. "रंग नाहीये. केरिन... हे पाणी आहे. सगळं पाणीच आहे."

केरिनने हातातली बरणी खाली ठेवली.

"वास घेतला. पाणी आहे. रेष दिसणार कुठून? मी उडणारच होतो. उडालोच असतो मी."

"अजून काढ."

त्याने बरणी ओतली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मधेच रेष दिसते म्हणाला. मग निळं आलं म्हणाला, निव्वळ निळं, दोनदा. आणि मग जे तो म्हणेल अशी तिला भीती होती, तेच म्हणाला.

"आता निळं आहे. मी जातो. तिच्या डोक्यावरून फांद्या तोडून कुठेतरी टेकतो. बेझिलला अजून वेळ आहे."

"नळीत असेल पाणी. तोटीने नळीतलं निघत नाही."

"असेल किंवा नसेल."

"डार्सी, ती तिथे आहे ती माझ्यामुळे. तुलाही तिच्याशेजारी आडवा घालू का मी? त्याने ती सुटणार आहे का?"

 उत्तरादाखल इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने बटण दाबूनच ठेवलं होतं, तिला ऐकू यावं म्हणून किंवा विसरून. इंजिनाने पकडलं. पात्यांची लय चढू लागली. केरिनने डोळे मिटले. लय चढली, थोडी अडखळली, पुन्हा चढली. मग एक ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, आणि इंजिन बंद पडलं. पाती आपल्याच वजनाने फिरत राहिली, सावकाश होत गेली.

"जमिनीवरच होतो," डार्सी म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता. काहीच उरलं नव्हतं. "अजून जमिनीवरच होतो." मग, जरा वेळाने: "हातात धरायचा छोटा रेडिओ घेतोय. चालत जातो."

केरिनने पिंपाला बूच लावलं. त्यावर खडूने मोठी फुली काढली, बाकीच्या पिंपांवरही काढली. ताडपत्री, ब्लँकेटं, पाण्याचे कॅन आणि फांद्या छाटायची करवत पुढच्या सीटवर टाकली. कातडं नरसाळ्यातच राहू दिलं, नरसाळं एका स्वच्छ पोत्यात बांधलं. उद्या चौकशीला माणसं येतील, त्यांना ते जसंच्या तसं लागेल. मग तिने गाडी सुरू केली. तिच्या इंजिनाने पहिल्या झटक्याला पकडलं, आणि ते ऐकून तिला रडू फुटलं. ती रडत रडतच गिअर बदलत राहिली.

वाटेत बेझिलचा आवाज आला. "मी पोचलो. पोरगी शुद्धीवर आहे. पाय पुढच्या चेपलेल्या पत्र्याखाली अडकलाय. कंबरेला हात लावू देत नाही. डॉक्टर रेडिओवर आहेत, म्हणतायत हलवू नका."

"पेट्रोल गळतंय का?"

"गळतंय. माती टाकलीय मी." तो थांबला. "जे काही गळतंय ते."

मग डार्सीही पोचला. धापा टाकत होता. तो मागे कुणाशीतरी बोलला.

"डार्सी? कशी आहे ती?"

"बोलतेय. शिव्या देतेय. अंकल बेझिलच्या मोटरसायकलला नावं ठेवतेय." मग त्याने आवाज खाली आणला. "केरिन, तिचा रेडिओ चालू होता. तिला बटणापर्यंत हात नेता येत नव्हता, पण ऐकू येत होतं. पहिल्यापासून सगळं ऐकलंय तिने."

ट्रक चालतच होता. पुढे वारुळं होती, लाल, माणसाच्या उंचीची. केरिन त्यांच्यामधून वाट काढत होती.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, तुझ्याशी आत्ता बोलायचं नाही."

"बरं," केरिन म्हणाली. बटण न दाबताच म्हणाली.

झाडी सुरू झाली तिथे ट्रक थांबवावा लागला. बेझिलच्या एका माणसाने तिच्याकडचे कॅन घेतले. तो तिच्याकडे न बघता चालू लागला, आणि ती त्याच्यामागे. लान्सवुडची झाडं सरळ काठ्यांसारखी दाट उभी होती. त्यांतली काही मधेच मोडून पांढरी झाली होती. त्या पांढऱ्या रेघेने थेट तिथे जाता येत होतं.

हेलिकॉप्टर कुशीवर पडलं होतं. शेपटी तुटून मागे राहिली होती. ब्रॉन्टीचं अर्धं अंग बाहेर होतं, डोक्याखाली बेझिलचं जॅकेट होतं, आणि ऊन नेमकं तिच्या तोंडावर येत होतं. डार्सी तिचा हात धरून गुडघ्यांवर बसला होता. त्याने केरिनकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते तिने वाचलं नाही, वाचायला थांबली नाही.

ती ब्रॉन्टीच्या डोक्याशी गेली. ताडपत्री बांधायला आधार कुठेच नव्हता. जी झाडं हाताशी होती ती तुटलेली होती, आणि हेलिकॉप्टरला हात लावायचा नव्हता. तेव्हा तिने ताडपत्रीची दोन टोकं हातांत धरली आणि हात वर करून उभी राहिली. सावली ब्रॉन्टीच्या कपाळावर पडली, मग डोळ्यांवर.

ब्रॉन्टीने डोळे उघडले नाहीत. सावली कुणाची ते तिला कळलं असावं. तिचे ओठ हलले, पुन्हा मिटले.

दुपार चढत गेली. डॉक्टर रेडिओवरून विचारत होते, डार्सी उत्तरं देत होता. बेझिलने एकदा येऊन केरिनच्या हातातलं एक टोक घ्यायला हात पुढे केला. तिने मान हलवली. तिचे दंड थरथरत होते, खांद्यांत कळा येत होत्या, आणि ताडपत्रीच्या कडेबरोबर सावलीची कडही थरथरत ब्रॉन्टीच्या गालावर मागेपुढे होत होती.

"हलवू नकोस," ब्रॉन्टी म्हणाली.

केरिनने पाय फाकवले, कोपरं ताठ केली. सावली स्थिर झाली. उत्तरेकडून कुठूनतरी पात्यांचा आवाज येऊ लागला, आणि तिथल्या प्रत्येकाने तो थांबतो की काय म्हणून कान टवकारले.